समुद्रातील मासा आणि त्याच्या टाकीचे माप

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्या शहरास आता नवीन राहिलेली नाही. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत, कापडाच्या पेढ्यांत व कित्येक घरांच्या दिवाणखान्यांत अशा टाक्या दृष्टीस पडतात. त्यांतील मासे बहुधा गोड्या पाण्यातील असतात. परंतु अलीकडे खाऱ्या पाण्यातील, म्हणजे समुद्रातील प्रवाळांच्या आश्रयाने राहणाऱ्या रंगीबेरंगी माशांचीही ओढ तरुण मंडळीस लागली आहे. आपल्या विज्ञानशाळेत अशी एक खाऱ्या पाण्याची टाकी असावी, अशी सूचना काही विद्यार्थ्यांनी मांडली आहे. जालन्यापासून समुद्र रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर दूर. येथील शेकडो मुलांनी तो अद्याप पाहिलेला नाही. तेव्हा समुद्राचा एक तुकडा येथेच आणून ठेवावा, ही त्यांची इच्छा स्वाभाविक व स्तुत्य आहे. त्या इच्छेस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्या सूचनेतील एका शब्दास. तो शब्द म्हणजे 'लहानशी'. टाकी लहानशी असावी, म्हणजे खर्च थोडा येईल व त्रासही थोडा होईल, असे सूचना करणाऱ्यांचे म्हणणे आहे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि या चुकीची किंमत मुक्या जिवांस द्यावी लागते, असे आमचे मत असल्यामुळे हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. समुद्रापासून दूर राहूनही समुद्रजीव जिवंत ठेवता येतात, हे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींपैकी एक ॲना थिन ही एका धर्मोपदेशकाची पत्नी होती. इ. स. १८४६ मध्ये तिने इंग्लंडच्या टॉर्की या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनास आणले व सुमारे तीन वर्षे जगविले. त्या काळी विजेचा पंप कोठून असणार? तिची दासी रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाऊण तास ओतीत असे, जेणेकरून हवेतील प्राणवायू त्यात मिसळावा. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांस पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले गेले. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी काचेआडचा समुद्र प्रथम तेथेच पाहिला. या इतिहासातून एक बोध घेण्याजोगा आहे. पाणी आणून भांड्यात भरले की समुद्र झाला, असे होत नाही. रोज पाऊण तास कोणीतरी राबावे लागते. आज यंत्रे राबतात, इतकाच फरक.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माशास केवढी टाकी लागते?

दुकानात मासा दोन-तीन बोटे लांबीचा दिसतो. पाहणारा मनात म्हणतो, एवढ्याशा जिवास हातभर लांबीची पेटी पुष्कळ झाली. जालना जिल्ह्यातील मनुष्याने तरी असा विचार करू नये. आपला जिल्हा मोसंबीचा. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीचे कलम लावताना त्याची काडी बोटाएवढी जाड असते, तरी शेतकरी दोन कलमांमध्ये सहा-सहा मीटर जागा मोकळी सोडतो. त्याच्या डोळ्यांसमोर आजची काडी नसते, दहा वर्षांनंतरचे झाड असते. माशाच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे. टाकीचे माप आजच्या पिलावरून ठरवावयाचे नसून पूर्ण वाढलेल्या माशावरून ठरवावयाचे असते.

चित्रपटामुळे मुलांच्या ओळखीचा झालेला 'ब्लू टँग' हा निळा मासा घ्या. दुकानात तो दोन इंची असतो, पण पूर्ण वाढल्यावर सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट लांब होतो, आणि स्वभावाने तो दिवसभर पोहत राहणारा आहे. त्यास सहा फूट लांबीची व सुमारे पावणेसातशे लिटर पाण्याची टाकी लागते, असे जाणते लोक सांगतात. 'एम्परर एंजल' नावाचा मासा लहानपणी निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे मिरवितो व मोठेपणी पिवळे पट्टे धारण करतो. तो सुमारे चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. बालपणीच्या त्या वर्तुळांस भुलून जो त्याला दीड फुटी पेटीत ठेवतो, तो त्या माशाचे तारुण्य कधीच पाहू शकत नाही. याउलट नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला 'क्लाऊनफिश' दहा सेंटिमीटरांच्या आसपासच थांबतो. समुद्रातही तो आपल्या समुद्रफुलापासून फार दूर जात नाही. त्याच्या जोडीस ऐंशी लिटरांपासून पुढची टाकी चालू शकते. दोघेही एकाच चित्रपटातील सोबती. परंतु त्यांच्या गरजांत आठपटींहून अधिक अंतर आहे.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. 'मासा टाकीच्या मापाइतकाच वाढतो, त्यामुळे काळजी नको', असे पुष्कळ लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. लहान टाकीतील मासा खुजा राहतो, हे अनेकदा खरे असते. परंतु ते दूषित पाण्यामुळे व कोंडमाऱ्यामुळे आलेले दुखणे असते. तो निसर्गाने केलेला समजूतदारपणा नव्हे. उपासमारीने मुलाची वाढ खुंटली तर 'घरात धान्य कमी होते म्हणून मूल शहाणपणाने लहानच राहिले', असे कोणी म्हणेल काय?

दुसरा एक सोपा नियम प्रचारात आहे. एक इंच माशास एक गॅलन पाणी. तो ऐकावयास गोड असला तरी गणितास धरून नाही. मासा लांबीत दुप्पट झाला की तो रुंदीत व जाडीतही दुप्पट होतो. म्हणून त्याचे वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते. एक सेंटिमीटरचे दहा मासे आणि दहा सेंटिमीटरचा एक मासा यांची लांबी सारखीच भरेल. पण वजनात तो एक मासा त्या दहांच्या शंभरपट भरेल. त्याचे खाणे, त्याचा श्वास व त्याची घाणही त्याच मानाने वाढते. शिवाय गॅलनही दोन प्रकारचे आहेत. अमेरिकेतील गॅलन सुमारे ३.८ लिटरांचा व ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५ लिटरांचा असतो. परदेशी पुस्तकातील आकडा वाचताना तो कोणत्या देशाचा आहे, हे न पाहणारा विद्यार्थी आरंभीच चुकतो. आपण लिटरांतच हिशेब करावा. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास हजाराने भागावे. हे आपल्या सातवीच्या मुलासही जमण्यासारखे आहे.

माशाची लांबी पाहून झाली की त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. काही मासे पोहणारे असतात, त्यांस लांबी हवी. काही भांडखोर असतात. डॅमसेल जातीचे मासे अंगाने बोटाएवढे, परंतु आपल्या हद्दीत दुसऱ्यास येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी जागा हवी ती हद्द विभागण्याकरिता. काही आळशी असतात. 'लायनफिश' एका जागी तरंगत राहतो. पण तो एक फुटाहून मोठा होतो, घाण पुष्कळ करतो व त्याच्या काट्यांत विष असते. आणि काहींची अडचण पोटाची असते. 'मँडरिन' हा अतिसुंदर मासा दोन-तीन इंचांपलीकडे वाढत नाही. नुसत्या अंगाकडे पाहिले तर त्यास शंभर लिटर पुष्कळ झाले. परंतु तो खडकांवर वावरणारे बारीक जिवंत कीटकवजा जलचर दिवसभर वेचून खातो, आणि लहान व नव्या टाकीत ते पुरेसे निपजत नाहीत. म्हणून खडकांनी भरलेली, मोठी व जुनी टाकी नसेल तर तो भरल्या पाण्यात उपाशी मरतो. तेव्हा 'माशाची लांबी किती?' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तो कसा वागतो व काय खातो, हेही विचारले पाहिजे.

आता लहान टाकी सोपी असते, या समजुतीची परीक्षा करू. आमच्या मते खाऱ्या पाण्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट स्थिती आहे. लहान टाकी ही तज्ज्ञाचे काम आहे. नवशिक्याने मोठीच घ्यावी.

समुद्राचे मुख्य वैभव त्याच्या विशालतेपेक्षा त्याच्या स्थिरतेत आहे. प्रवाळांच्या प्रदेशातील पाण्याची उष्णता, त्यातील क्षार व प्राणवायू दिवसेंदिवस फारसे बदलत नाहीत, आणि तेथील जीव त्या स्थिरतेच्या सवयीचे झालेले असतात. नदी-ओढ्यांतील मासा पूर, उन्हाळा व गढूळपणा सोशीत वाढतो, तसे समुद्रातील माशाचे नाही. साध्या गणिताने पाहू. एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर, लांबी-रुंदी-उंचीची घनाकृती पेटी २७ लिटरांची होते. तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर लिटरमागे २००. दुसरी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ५० उंच घेतली तर ती २७० लिटरांची होते. तिचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ २७,३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर लिटरमागे सुमारे १०१. उष्णता याच पृष्ठभागातून आत-बाहेर जाते. म्हणून आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांपुढे गेला की लहान पेटीतील पाणी मोठ्या टाकीच्या मानाने फार लवकर तापते. या माशांस २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. शिवाय पाणी जितके उष्ण व जितके खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांस एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे पावणेसात. ३० अंशांस तो सव्वासहापर्यंत उतरतो. जालन्याचा उन्हाळा आणि हातभर पेटी यांचा मेळ कसा बसणार?

बाष्पीभवनाचेही तसेच आहे. वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटीत २७ सेंटिमीटर उंचीचे पाणी असून कोरड्या हवेत दोन दिवसांत एक सेंटिमीटर आटले, तर क्षार ३५ वरून ३६.३ च्या पुढे जातात. ४७ सेंटिमीटर खोल पाण्यातून तेवढेच आटले तर ते ३५.८ च्या आत राहतात. शनिवार-रविवार शाळेस सुटी असली म्हणजे एवढा फरक सहज पडतो. अशा वेळी टाकीत भर घालावयाची ती गोड्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे, हेही नवशिक्यास ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट घाणीची. माशाच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असून समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा विषारीपणा अधिक असतो. खडकांवर व वाळूत वाढणारे सूक्ष्म जंतू प्रथम त्याचे नायट्राइट व नंतर पुष्कळच सौम्य असे नायट्रेट बनवितात. हे जंतू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा सोडू नये. सकाळी टाकी व सायंकाळी मासे आणणारा मनुष्य तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखाच होय. तहान मात्र येथे माशास लागलेली असते. जंतू स्थिरावल्यानंतरही एखाद्या उत्साही मुलाने खाद्याची मूठ अधिक टाकली, किंवा एखादा मासा खडकाआड मरून पडला, तर होणारे विष २७ लिटरांत पसरणे आणि २७० लिटरांत पसरणे यांत दहापटींचा फरक आहे. मोठी टाकी चूक सावरण्यास एक दिवस देते. लहान टाकी एक तासही देत नाही. आणि शाळेत चुका होणारच. चुका करून शिकण्यासाठीच शाळा असते. मात्र विद्यार्थ्याच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याच जिवास मिळेल अशी व्यवस्था शाळेने करू नये.

आकाराविषयीही दोन शब्द. उंच व अरुंद टाकी दिसावयास डौलदार असते, परंतु हवेचा व पाण्याचा संयोग वरच्या पृष्ठभागावरच होतो आणि मासा पोहतो तो आडवा. म्हणून त्याच लिटरांत लांब व रुंद टाकी केव्हाही श्रेष्ठ. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारही नको. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी केलेल्या नियमांत गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई केली होती. ते नियम पुढे मागे घेण्यात आले. परंतु कायद्याचा धाक गेला म्हणून विवेकाचेही बंधन गेले असे होत नाही.

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप गरिबीचा. आपली शाळा श्रीमंत नाही. मोठी टाकी परवडत नसेल तर लहान तरी असू द्या. काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, असे कोणी म्हणेल. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ते आम्हांस ऐकवतील. म्हण खरी आहे. पण येथे अंथरूण आपले आणि पाय दुसऱ्याचे आहेत. आपल्या ऐपतीप्रमाणे आपण स्वतः संकोच सोसणे हा संयम झाला. आपल्या ऐपतीप्रमाणे दुसऱ्या जिवास मुडपून ठेवणे हा संयम नव्हे. शिवाय लहान टाकीत मासे वारंवार मरतात व वारंवार आणावे लागतात, त्यामुळे अखेरीस ती स्वस्तही पडत नाही. थोडे बरे हे ज्ञानाच्या बाबतीत खरे असेल, श्वासाच्या बाबतीत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. ज्याचे घर समुद्र आहे त्यास २७० लिटर काय आणि हजार लिटर काय, तुरुंग तो तुरुंगच. म्हणून टाकीच नको, असे काही सहृदय मंडळी म्हणतील. या आक्षेपात तथ्याचा मोठा अंश आहे, हे आम्ही मान्य करतो. समुद्रातील शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती आजही समुद्रातून पकडूनच विकल्या जातात. ब्लू टँगची पैदास माणसाच्या देखरेखीखाली प्रथम साधली ती २०१६ साली, अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. आपल्या देशात समुद्रघोडे व प्रवाळ यांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. ते विकत घेण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. परंतु क्लाऊनफिशची गोष्ट निराळी आहे. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास यशस्वी केली, आणि महाराष्ट्रातही ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात हे काम हाती घेण्यात आले. अशा ठिकाणी टाकीतच जन्मलेला मासा समुद्रातून हिरावून आणलेला नसतो. त्याचे सर्व आयुष्य टाकीतच गेलेले असते. पुरेशी मोठी टाकी मिळाली तर तो तेथे खातो, जोडीने राहतो व अंडीही घालतो. म्हणून सर्वच टाक्या सारख्या तुरुंगवत, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. मात्र कोणता मासा व कोठला, हा प्रश्न टाकीच्या मापाइतकाच महत्त्वाचा आहे, हे या आक्षेपकांनी आपणांस शिकविले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

तिसरा आक्षेप कोणी घेतलेला नाही. तो आम्हीच घेतो, कारण जालन्यात राहून तो टाळता येत नाही. तो म्हणजे पाण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि गावोगाव लोक टँकरची वाट पाहत होते. वर सांगितलेल्या २७० लिटरांच्या टाकीत खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे २२० लिटर पाणी राहील. त्यात पहिल्या वेळीच सुमारे आठ किलो समुद्री क्षार लागेल. त्यानंतर दर पंधरवड्यास एक दशांश, म्हणजे २२ लिटर, पाणी बदलावयाचे. वर्षाचे ते सुमारे पावणेसहाशे लिटर झाले. रोज सरासरी दोन लिटर आटले असे धरले तर त्याची भर सव्वासातशे लिटरांहून अधिक. एकूण तेराशे लिटर शुद्ध पाणी. आपले कूपनलिकेचे जड पाणी तसेच चालत नाही. ते आर. ओ. यंत्रातून गाळले तर एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाजूस पडते. म्हणजे वर्षाकाठी चार ते पाच हजार लिटर, एका लहान टँकरएवढे पाणी झाले. ज्या मुलाच्या घरी आठवड्यातून एकदा नळ येतो, त्याच्या डोळ्यांसमोर शाळेने हे पाणी शोभेसाठी खर्च करावे काय?

आमचे उत्तर असे की, ते नळाचे वा टँकरचे असेल तर करू नये. आकाशाचे असेल तर करावे. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. म्हणून तेराशे लिटरांस अवघा तेरा मिलिमीटर पाऊस पुरे. पावसाळ्यातील पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुण्यास सोडून द्याव्या व नंतरच्या एका चांगल्या सरीचे पाणी झाकणबंद टाकीत साठवून, गाळून वापरावे. पत्र्याच्या छपराचे पाणी मात्र घेऊ नये, कारण पत्र्यावरील जस्त समुद्रजीवांस घातक ठरते. अशा रीतीने माशाची टाकी ही पर्जन्यजल साठविण्याचाही पाठ होईल. जो मुलगा दोन माशांसाठी गच्चीचे पाणी धरावयास शिकेल, तो पुढे आपल्या घरासाठी व शेतासाठीही धरील, अशी आम्हांस आशा आहे.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. शाळेस सुटी, बाहेर चाळीस-बेचाळीस अंशांचे ऊन, आणि दुपारी वीज गेली तर पंप बंद. सुटीत रोज सकाळ-संध्याकाळ टाकीपाशी कोण येणार, त्यांची नावे आधी कागदावर लिहिली गेली पाहिजेत. पंपासाठी व पंख्यासाठी इन्व्हर्टर असला पाहिजे. टाकी तळमजल्यावर भक्कम बैठकीवर ठेविली पाहिजे, कारण भरलेल्या टाकीतील नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास किलोच्या साडेचार पोत्यांएवढे होते. काच, खडक व वाळू निराळी. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर अर्धवट बांधकाम पाहून लोक हसतील, असा एक दाखला शुभवर्तमानात आहे. आपल्या प्रार्थनेच्या तासास तो पुष्कळांनी ऐकला असेल. येथे लोक हसतील इतकेच भय नाही. बुरूज अर्धवट राहिला तर दगड मरत नाहीत.

तात्पर्य, आमची सूचना अशी आहे. शाळेने टाकी घ्यावयाची तर ती चार फूट लांब, दीड फूट रुंद व पावणेदोन फूट उंच, याहून लहान घेऊ नये. तिच्यात पैदास केंद्रात जन्मलेल्या क्लाऊनफिशची एक जोडी व फार तर तशाच लहान, शांत स्वभावाचे दोन-तीन मासे ठेवावे. ब्लू टँग, एंजल, लायनफिश यांचा मोह धरू नये. पाहिले दोन महिने टाकीत मासा न सोडता विद्यार्थ्यांनी पाण्याची उष्णता, क्षार व अमोनिया यांची रोज नोंद ठेवावी. ही नोंदवही साठ दिवस एकही दिवस न चुकता भरली गेली, तरच एकसष्टाव्या दिवशी मासे आणावे. ती मध्येच रिकामी राहिली तर मासे आणू नयेत, आणि त्यात कोणास कमीपणा वाटण्याचे कारण नाही. इतके करण्याची तयारी नसेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयास एक सहल न्यावी. त्या खर्चात मुलांस मासेही दिसतील आणि खराखुरा समुद्रही दिसेल.

उत्पत्तीच्या वृत्तांतात जलचरांची निर्मिती माणसाच्या एक दिवस आधी सांगितली आहे. माणसास त्यांच्यावर अधिकार मिळाला तो नंतर, आणि अधिकाराबरोबर जबाबदारी येते, हे सर्व धर्म एकमुखाने सांगतात. काचेच्या चार भिंती घालून आपण एका जिवाचे सर्व जग आपल्या हाती घेतो. त्याने किती पोहावे, काय खावे, कोणता श्वास घ्यावा, हे सर्व आपण ठरवितो. ज्याच्यावर असा संपूर्ण अधिकार चालतो, त्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. विद्यार्थिमित्रांनी दुकानात जाण्यापूर्वी फूटपट्टी व वही घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, आणि मग येत्या विज्ञानमंडळाच्या सभेत आपला कौल द्यावा, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे.